फ्रिडरिश राटगेन

फ्रिडरिश विल्हेल्म राटगेन (जन्म : २ जून, इ.स. १८६२, एकर्नफ्योर्डे; मृत्यू : १९ नोव्हेंबर, इ.स. १९४२, बर्लिन) हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ होते. बर्लिन येथील राजेशाही संग्रहालयांच्या रासायनिक प्रयोगशाळेचे ते पहिले प्रमुख होत. उत्खननातून मिळालेली नाणी, कांस्यमूर्ती, लोखंडी हत्यारे, चुनखडीतील शिल्पे, मृत्तिकापट्टिका इत्यादी पुरावस्तू का नष्ट होतात व त्यांचा ऱ्हास कसा थांबवावा, याचा पद्धतशीर रासायनिक अभ्यास त्यांनी सुमारे चार दशके केला. आधुनिक पुरावस्तू-संवर्धनशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. इ.स. १८९८ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा जर्मन ग्रंथ या विषयावरील पहिला व्यापक शास्त्रीय ग्रंथ मानला जातो.

जमिनीतून निघालेले जुने नाणे स्वच्छ करावे की नाही, करावयाचे तर कोणत्या पद्धतीने आणि कुठे थांबावे, हा प्रश्न राटगेन यांच्या पूर्वी बहुतांशी कारागिराच्या हातगुणावर सोपविला जात असे. तो परीक्षणाने सोडविण्याचा प्रश्न आहे, ही दृष्टी त्यांच्या कार्यामुळे रुजली. त्यांनी वापरलेल्या काही पद्धती पुढे सदोष ठरल्या. मात्र तो दोषही त्यांनीच घालून दिलेल्या परीक्षणाच्या वाटेने उघड झाला.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात ईजिप्त, मेसोपोटेमिया, ग्रीस व इटली येथील उत्खननांतून युरोपातील संग्रहालयांकडे पुरावस्तूंचा ओघ सुरू झाला. शेकडो किंवा हजारो वर्षे जमिनीत राहिलेली वस्तू तेथील ओलावा, क्षार व प्राणवायूचे प्रमाण यांच्याशी एक प्रकारचा समतोल साधून असते. ती बाहेर काढताच हा समतोल मोडतो. वाळवंटातील कोरड्या वाळूत सुखरूप राहिलेला चुनखडीचा शिल्पपट बर्लिनच्या दमट हवेत आला, की त्यात मुरलेले क्षार पृष्ठभागाकडे येऊन स्फटिकरूप धारण करीत आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागत. कांस्याच्या वस्तूंवर फिकट हिरव्या भुकटीचे ठिपके उमटत व पाहता पाहता वस्तू पोखरली जाई. शतकानुशतके टिकलेली वस्तू संग्रहालयाच्या कपाटात काही वर्षांत नष्ट होताना पाहणे अभिरक्षकांच्या नशिबी येत होते.

नाण्यांची अवस्था आणखी वेगळी होती. नाणे आकाराने लहान, हातात मावणारे व विकता येण्याजोगे असल्यामुळे ते संग्रहालयात पोहोचण्यापूर्वीच पुष्कळदा घासले गेलेले असे. सापडणारा शेतकरी, विकणारा व्यापारी आणि विकत घेणारा संग्राहक या तिघांनाही त्यावरील मुद्रा व अक्षरे लवकर दिसावीत अशी घाई असे. वाळू, राख, आम्ल, तारेचा ब्रश, चाकूचे टोक असे जे हाती लागेल ते वापरले जाई. नाणे चकचकीत होई. परंतु राजाच्या मुखाचे बारकावे, टांकसाळीचे चिन्ह, काठावरील लेख हे घाणीबरोबरच निघून जात.

प्रारंभिक जीवन

राटगेन यांचा जन्म बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावरील एकर्नफ्योर्डे या गावी झाला. हे गाव श्लेस्विग या डचीत मोडते. त्यांच्या जन्माच्या वेळी ही डची डॅनिश राजाच्या अधिपत्याखाली होती. इ.स. १८६४ च्या युद्धानंतर ती डेन्मार्कच्या हातून गेली आणि इ.स. १८६७ मध्ये प्रशियात विलीन झाली. राटगेन यांनी नैसर्गिक विज्ञानांचे, विशेषतः रसायनशास्त्राचे, विद्यापीठीय शिक्षण घेतले व डॉक्टरेट मिळविली. त्या काळी जर्मनीतील विद्यापीठे रसायनशास्त्रात जगात अग्रेसर होती. रंग, खते, औषधे यांच्या उद्योगांत तरुण रसायनशास्त्रज्ञांना मोठा वाव होता. राटगेन यांनी मात्र ज्या क्षेत्रात पदही नव्हते आणि पाठ्यपुस्तकही नव्हते, अशा क्षेत्रात पाऊल टाकले.

प्रयोगशाळेची स्थापना

बर्लिनच्या संग्रहालयांतील, विशेषतः ईजिप्शियन विभागातील, वस्तूंचा झपाट्याने होणारा ऱ्हास पाहून तेथील अधिकाऱ्यांनी प्रथम बाहेरील रसायनशास्त्रज्ञांचा सल्ला घेतला. अशा प्रासंगिक सल्ल्याने काम भागणार नाही हे लक्षात आल्यावर संग्रहालयाची स्वतःची प्रयोगशाळा काढण्याचे ठरले. त्यानुसार इ.स. १८८८ मध्ये राजेशाही संग्रहालयांची रासायनिक प्रयोगशाळा स्थापन झाली व तिच्या प्रमुखपदी राटगेन यांची नियुक्ती झाली. त्या वेळी ते पंचविशीत होते. संग्रहालयाशी संलग्न असलेली ही जगातील पहिली प्रयोगशाळा मानली जाते.

या नेमणुकीचे महत्त्व केवळ पदापुरते नव्हते. बाहेरचा तज्ज्ञ वस्तू पाहून उपाय सुचवी आणि निघून जाई. उपायाचे परिणाम पाच-दहा वर्षांनी काय झाले, हे पाहण्यास तो तेथे नसे. राटगेन संग्रहालयातच असल्यामुळे आपण हाताळलेल्या वस्तूंकडे वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा पाहू शकत होते. हिरवे ठिपके परत आले, तर ते कोणत्या उपायानंतर आले, हे त्यांना समजू शकत होते. एका उपायाची दुसऱ्याशी तुलना करण्याची सोय अशा प्रकारे प्रथमच निर्माण झाली.

धातूंच्या ऱ्हासाचा अभ्यास

राटगेन यांच्या कार्यात तांबे, कांसे, चांदी व लोखंड यांच्या क्षरणाला मध्यवर्ती स्थान आहे. तांब्याच्या किंवा कांस्याच्या नाण्यावर जमिनीत असताना सामान्यतः थरावर थर चढत जातात. धातूला लागून तांबूस रंगाचा क्युप्रस ऑक्साइडचा थर असतो. त्यावर हिरवा किंवा निळा कार्बोनेटचा थर तयार होतो. सर्वांत वर माती, वाळू व चुना यांचे कवच बसलेले असते. हिरवा थर घट्ट, गुळगुळीत व एकसंध असेल, तर तो आतील धातूचे रक्षण करतो. अशा थराला जाणकार पॅटिना म्हणतात आणि संग्राहक त्याला सौंदर्यदृष्ट्याही मोल देतात.

याउलट जमिनीत मिठाचे प्रमाण अधिक असेल, तर धातूलगत क्युप्रस क्लोराइड हा मेणासारखा करडा पदार्थ साठतो. तो झाकलेला असेपर्यंत वस्तू निरोगी दिसते. कवच कोठे फुटले आणि हवेतील ओलावा व प्राणवायू आत शिरले, की त्यापासून फिकट हिरवी भुकटी तयार होते. या क्रियेत मुक्त होणारे हायड्रोक्लोरिक आम्ल शिल्लक तांब्यावर हल्ला चढविते व पुन्हा क्लोराइड निर्माण होते. अशा रीतीने थोडेसे क्लोराइड संपूर्ण नाणे फस्त करू शकते. ही चक्राकार क्रिया इ.स. १८९० च्या दशकात फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मार्सेलँ बेर्तलो यांनी स्पष्ट केली. या विकाराला कांस्यरोग म्हटले जाते. एका वस्तूवर दिसलेले ठिपके शेजारच्या वस्तूंवरही उमटत असल्यामुळे हा रोग सूक्ष्मजीवांमुळे पसरतो, असाही तर्क त्या काळी काही संशोधकांनी केला होता. प्रत्यक्षात एकाच दमट जागेत ठेवलेल्या, सारख्याच क्षारयुक्त वस्तूंना तो एकाच वेळी होत असे.

या ज्ञानामुळे स्वच्छतेचा अर्थच पालटला. नाण्यावरील प्रत्येक हिरवा रंग म्हणजे घाण नव्हे. त्यातील काही रक्षक आहे, तर काही भक्षक. त्यांतील भेद डोळ्यांना नेहमीच दिसतो असे नाही. तो ओळखण्यासाठी क्लोराइडची तपासणी करावी लागते. वस्तू ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवावी, त्या पाण्याचा नमुना आम्लयुक्त करून त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकावेत आणि पांढरा गढूळपणा येतो का ते पाहावे, ही साधी परीक्षा त्या काळच्या प्रयोगशाळांना उपलब्ध होती. धुण्याचे पाणी बदलत राहून हा गढूळपणा कमी होत जातो किंवा नाही, यावरून क्षार निघत आहेत की नाहीत हेही ठरविता येई.

स्वच्छतेच्या पद्धती

राटगेन यांनी प्रचलित उपायांची पारख केली व त्यांतील निवडक उपाय संग्रहालयाच्या गरजेनुसार सुधारून घेतले. नाणी व लहान धातुवस्तू यांच्या संदर्भात पुढील पद्धती महत्त्वाच्या आहेत.

धुणे : पाण्यात विरघळणारे क्षार काढण्यासाठी वस्तू वारंवार बदललेल्या शुद्ध पाण्यात ठेवली जाई. ही सर्वांत सौम्य, परंतु वेळखाऊ पद्धत होय. क्युप्रस क्लोराइड पाण्यात जवळजवळ विरघळत नसल्यामुळे कांस्यरोगावर ती एकटी पुरेशी पडत नाही.

विद्युत-रासायनिक क्षपण : नॉर्वेतील आक्सेल क्रेफ्टिंग यांनी लोखंडी वस्तूंसाठी ही पद्धत योजिली होती. वस्तू जस्ताच्या पट्ट्यांत किंवा तुकड्यांत ठेवून ती कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात बुडवितात. जस्त विरघळते. त्यातून मिळणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे गंजाचे क्षपण होऊन पृष्ठभागावरचे कवच सैल पडते आणि क्लोराइड द्रावणात उतरते. राटगेन यांनी ही पद्धत कांस्य वस्तूंसाठीही वापरली. बॅटरी किंवा महागडी उपकरणे लागत नसल्यामुळे ती लहान संग्रहालयांनाही परवडणारी होती.

विद्युत अपघटन : बर्लिनमधील रसायनशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिंकनर यांच्या पद्धतीत वस्तूला तारेने गुंडाळून ती विद्युत घटाच्या ऋण अग्राला जोडीत व पोटॅशियम सायनाइडच्या सौम्य द्रावणात ठेवीत. धन अग्र प्लॅटिनमच्या पत्र्याचे असे. प्रवाह सुरू होताच वस्तूच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचे बुडबुडे येत आणि क्षरणाचा थर हळूहळू मोकळा होई. सायनाइड हे अतिजहाल विष असल्यामुळे हे काम प्रयोगशाळेबाहेर करण्याजोगे नव्हते.

चांदीच्या नाण्यांवर चांदीच्या क्लोराइडचा करडा, शिंगासारखा थर बसतो. क्षपणाने त्याचे रूपांतर पुन्हा चांदीत होऊ शकते. हलक्या कसाच्या चांदीत तांब्याची भेसळ अधिक असते आणि तांबे आधी गंजते. त्यामुळे अशी नाणी वरून तांब्याच्या नाण्यांसारखी हिरवी दिसतात. रंगावरून धातू ठरवून उपाय योजल्यास येथे चूक होण्याचा संभव असतो. सोन्याच्या नाण्यांवर क्षरण जवळजवळ होत नाही. त्यांना बहुधा माती धुण्यापलीकडे काही करावे लागत नाही.

वाळविणे व लेपन : प्रक्रियेनंतर वस्तू पूर्णपणे धुऊन व वाळवून तिला पॅराफिनचे मेण किंवा झापॉन या नावाने ओळखले जाणारे पारदर्शक रोगण लावीत, जेणेकरून हवेतील ओलावा आत शिरणार नाही. आत क्लोराइड शिल्लक राहिले असेल, तर लेप लावूनही रोग उलटत असे. म्हणून आधी क्षार काढणे व नंतर लेप देणे हा क्रम आवश्यक ठरतो.

स्वच्छ करावे की नाही

राटगेन यांच्या पद्धतींपेक्षाही त्या केव्हा वापराव्यात, हा विचार अधिक महत्त्वाचा ठरला. क्षपणाने गुण येण्यासाठी कवचाखाली धातूचा गाभा शिल्लक असावा लागतो. जे नाणे आतपर्यंत संपूर्ण गंजले आहे, त्याचे कवच काढले तर हाती केवळ भुकटी उरते. म्हणून वजन, कठीणपणा व आवश्यक तर एखाद्या ठिकाणी केलेली सूक्ष्म तपासणी यांवरून गाभा आहे की नाही हे आधी पाहावे लागते. चांगला, घट्ट व निरोगी पॅटिना असलेल्या नाण्याला हात न लावणे हेच श्रेयस्कर असते. सक्रिय कांस्यरोग दिसत असेल, तर मात्र काहीच न करणे म्हणजे वस्तू गमावणे होय.

येथे एक पेच आहे. जुन्या नाण्याचा मूळ पृष्ठभाग अनेकदा धातूवर नसून क्षरणाच्या थरातच असतो. टांकसाळीत उमटविलेली मुद्रा जमिनीत असताना खनिजात रूपांतरित होते. वरची माती व चुना दूर केल्यास त्या खनिजथरावर अक्षरे स्पष्ट दिसतात. तोच थर काढून टाकला, तर खालचा धातू चमकतो. पण त्यावर खड्डे असतात आणि अक्षरे पुसट झालेली असतात. राटगेन यांच्या पिढीला गंजाखाली दडलेले लेख व नक्षी प्रकट करण्याचे आकर्षण होते. क्षपणाने अनेक वस्तूंवर ते साधलेही. मात्र ज्या थराला ते आवरण समजत होते, तोच कित्येकदा वस्तूचा अखेरचा साक्षीदार होता, हे पुढे उमगले.

ग्रंथलेखन

इ.स. १८९८ मध्ये राटगेन यांचा पुरावस्तूंच्या जतनाविषयीचा ग्रंथ बर्लिनच्या संग्रहालयांच्या हस्तपुस्तिका-मालेत प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्या भागात निरनिराळ्या द्रव्यांच्या वस्तूंत जमिनीखाली व संग्रहालयात कोणते बदल होतात याचे विवेचन आहे. दुसऱ्या भागात त्यांच्या जतनाच्या पद्धती सांगितल्या आहेत. आधी रोगाचे निदान आणि मग उपचार, असा हा क्रम आहे. प्रक्रियेपूर्वीची व प्रक्रियेनंतरची छायाचित्रे देऊन त्यांनी परिणाम वाचकांसमोर ठेवले. कारागिरांची गुपिते म्हणून जपल्या जाणाऱ्या कृती अशा रीतीने प्रमाण, कालावधी व कारणे यांसह खुल्या झाल्या.

इ.स. १९०५ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयाने या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. जॉर्ज ऑडेन व हॅरल्ड ऑडेन हे त्याचे अनुवादक होत. यांपैकी जॉर्ज ऑडेन हे व्यवसायाने वैद्य होते व प्रसिद्ध इंग्रजी कवी डब्ल्यू. एच. ऑडेन यांचे वडील होते. या अनुवादामुळे राटगेन यांचे कार्य इंग्रजी जाणणाऱ्या अभिरक्षकांपर्यंत पोहोचले.

पुढे राटगेन यांनी हा ग्रंथ नव्याने लिहून विस्तारित आवृत्तीत काढला. दगड व दगडसदृश द्रव्यांविषयीचा भाग इ.स. १९१५ मध्ये, तर धातू व सेंद्रिय द्रव्यांविषयीचे भाग इ.स. १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या आवृत्तीनंतरच्या पाव शतकात मिळालेला अनुभव त्यांत समाविष्ट झाला.

इतर कार्य

राटगेन यांचे कार्य धातूंपुरते मर्यादित नव्हते. क्षारयुक्त चुनखडीची शिल्पे पाण्यात ठेवून क्षारमुक्त करणे, न भाजलेल्या मृत्तिकापट्टिका भाजून टणक करणे व नंतर त्यांतील क्षार काढणे, यांसारखे प्रयोग त्यांनी केले. इमारतींच्या दगडांची झीज हा त्यांच्या आस्थेचा आणखी एक विषय होता. दगडावर लावण्यासाठी बाजारात येणारी संरक्षक द्रव्ये खरोखर उपयोगी आहेत का, हे पाहण्यासाठी त्यांनी दगडाचे नमुने दीर्घकाळ उघड्या हवेत ठेवून निरीक्षणे केली. जाहिरातीतील दाव्यापेक्षा पाऊस, थंडी व कोळशाचा धूर यांनी दिलेला निकाल अधिक विश्वसनीय असतो, ही त्यामागील भूमिका होती.

निवृत्ती व मृत्यू

सुमारे ३९ वर्षांच्या सेवेनंतर इ.स. १९२७ मध्ये राटगेन निवृत्त झाले. त्यांच्यानंतर कार्ल ब्रिटनर यांनी प्रयोगशाळेची सूत्रे हाती घेतली. राटगेन यांचे निधन दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९ नोव्हेंबर, इ.स. १९४२ रोजी बर्लिन येथे झाले. युद्धात बर्लिनच्या संग्रहालयांची मोठी हानी झाली. त्यांनी उभारलेली प्रयोगशाळाही युद्धोत्तर विस्कळीत परिस्थितीत टिकली नाही.

प्रभाव

राटगेन यांच्या उदाहरणानंतर इतर देशांतही संग्रहालयीन प्रयोगशाळा सुरू झाल्या. पहिल्या महायुद्धात लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील वस्तू सुरक्षिततेसाठी भुयारी रेल्वेच्या बोगद्यात ठेवल्या होत्या. परत आणल्यावर त्यांतील अनेक वस्तूंची अवस्था दमटपणामुळे बिघडलेली आढळली. त्यातून इ.स. १९२० मध्ये अलेक्झांडर स्कॉट यांच्या नेतृत्वाखाली तेथे प्रयोगशाळा उघडली गेली. अमेरिकेत कॉलिन फिंक व चार्ल्स एल्ड्रिज यांनी न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमसाठी प्राचीन कांस्यांवर विद्युत अपघटनाचे काम केले व इ.स. १९२५ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले.

भारतात पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यात इ.स. १९१७ मध्ये मोहम्मद सनाउल्लाह यांची पुरातत्त्वीय रसायनशास्त्रज्ञ म्हणून नेमणूक झाली. त्यांचे काम प्रथम कोलकात्यातून चाले. पुढे प्रयोगशाळा डेहराडून येथे हलविण्यात आली. पुरावस्तूंच्या रक्षणासाठी स्वतंत्र रसायनशास्त्रज्ञ असावा, ही बर्लिनमध्ये प्रथम मूर्त झालेली कल्पना अशा प्रकारे तीन दशकांत भारतातही पोहोचली होती.

मूल्यमापन

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संवर्धनशास्त्राची दृष्टी बदलली. संपूर्ण क्षरणथर काढून टाकणाऱ्या क्षपणपद्धती मागे पडल्या. सूक्ष्मदर्शकाखाली टोकदार उपकरणांनी केवळ वरचे कवच दूर करणे, क्ष-किरण छायाचित्राने गाभ्याचा अंदाज घेणे, क्षरणरोधक द्रव्ये वापरणे आणि वस्तू कमी आर्द्रतेत ठेवून रोग निष्क्रिय करणे, यांना प्राधान्य मिळाले. शक्य तेवढा कमी हस्तक्षेप आणि शक्यतो उलटविता येईल असाच उपाय, ही तत्त्वे मान्य झाली. या निकषांवर पाहता राटगेन यांच्या काळात हाताळल्या गेलेल्या अनेक वस्तूंचा मूळ पृष्ठभाग कायमचा गेला, असे म्हणावे लागते.

तथापि या टीकेला दुसरी बाजू आहे. सक्रिय कांस्यरोगावर त्या काळी दुसरा खात्रीचा उपाय उपलब्ध नव्हता. कोरडी हवा राखण्याची यांत्रिक साधनेही नव्हती. उपचार केले नसते, तर त्यांतील कित्येक वस्तू आज पृष्ठभागासह किंवा पृष्ठभागाशिवाय पाहावयास मिळाल्या नसत्या. शिवाय आपण काय केले हे त्यांनी लिहून व छापून ठेवल्यामुळेच पुढील पिढीला त्यातील उणिवा ओळखता आल्या.

आजच्या काळातील संदर्भ

दुसऱ्या महायुद्धानंतर धातुशोधक यंत्रे सामान्य माणसाच्या हाती आली आणि शेतात, माळावर जुनी नाणी शोधणे हा अनेक देशांत छंद बनला. त्यामुळे राटगेन यांच्या प्रयोगशाळेतला प्रश्न पुन्हा सापडणाऱ्याच्या हातात येऊन पडला. जर्मनीतील नेब्रा येथील कांस्ययुगीन आकाशचकतीचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. इ.स. १९९९ मध्ये अवैधरीत्या धातुशोधक यंत्र वापरणाऱ्या दोघांना ती सापडली. खणताना तिची हानी झाली आणि नंतर तारेच्या घासणीने साफ केल्यामुळे तिच्यावर ओरखडे उमटले. इ.स. २००२ मध्ये ती हस्तगत झाल्यावर तिला चिकटून राहिलेल्या मातीचे परीक्षण करूनच मूळ स्थळाशी तिचा संबंध जुळविता आला. जी माती घाण म्हणून धुतली जात होती, तीच पुरावा ठरली.

याउलट इंग्लंडमधील फ्रोम येथे इ.स. २०१० मध्ये धातुशोधकाला रोमन नाण्यांचा घडा लागला, तेव्हा त्याने खणणे थांबवून पुरातत्त्वज्ञांना बोलावले. घड्यात ५२,५०३ नाणी निघाली. ती थराथराने बाहेर काढल्यामुळे कोणत्या सम्राटाची नाणी घड्यात कोठे होती हे नोंदविता आले आणि घडा वर्षानुवर्षे थोडा थोडा भरला गेला नसावा, असे अनुमान काढता आले. नाणी आधी घरी नेऊन धुतली असती, तर ही माहिती मिळाली नसती. इंग्लंड व वेल्समध्ये सापडलेल्या वस्तूंची नोंद करणारी अधिकृत योजना शोधकांना नाणी स्वतः स्वच्छ न करण्याचा सल्ला देते.

भारतात इ.स. १८७८ च्या गुप्तधन कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मूल्याच्या निधीची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. नांगरताना किंवा पाया खणताना सापडलेली नाणी घरातील तांब्या-पितळेच्या भांड्यांप्रमाणे चिंच, लिंबू, राख वा बाजारातील पावडर लावून लखलखीत करण्याची प्रवृत्ती आढळते. भांड्याचा कळक काढणे योग्यच आहे, कारण भांडे रोज वापरायचे असते. नाण्यावरील थर मात्र आम्लाने एकदा विरघळला की परत येत नाही. शिवाय आम्ल सूक्ष्म छिद्रांत राहून क्षरण पुढे चालू ठेवते. सापडलेले नाणे न घासता, कोरड्या जागी, सापडल्याचे ठिकाण व इतर नाण्यांतील त्याचे स्थान यांच्या नोंदीसह तज्ज्ञांकडे सोपविणे हा आज सर्वमान्य मार्ग आहे.

वारसा

इ.स. १९७५ मध्ये पश्चिम बर्लिनमधील संग्रहालयांसाठी नव्याने उभ्या राहिलेल्या संशोधन प्रयोगशाळेला राटगेन यांचे नाव देण्यात आले. राटगेन संशोधन प्रयोगशाळा या नावाने ती आजही प्रशियन सांस्कृतिक वारसा प्रतिष्ठानाच्या अंतर्गत कार्यरत आहे. पुरावस्तूंचे द्रव्यपरीक्षण, त्यांच्या सत्यतेची पडताळणी, संग्रहालयांतील हवामानाचा अभ्यास व स्मारकांचे जतन ही तिची प्रमुख कार्यक्षेत्रे होत.